बोट उत्तरेलाच होती

...आता ते सतरा साल होतं की अठरा, हेसुद्धा मला धड आठवत नाही. म्हणजे बघा, ज्या माणसाने तीस वर्षं पोरांना शिकवलं की बिनमाणसाच्या यंत्राला आपलं तोंड कुठे आहे हे आधी कळलं पाहिजे, त्याला सकाळची गोळी घेतली की नाही ते कळत नाही, आणि मुलगी, आम्रपाली, तेव्हाच म्हणायला लागलेली, "बाबा, लॅब सोडा, तुम्हाला हल्ली भलतंसलतं दिसतं."

तर तुम्हाला सांगतो, कुरुळीच्या मागे पाण्याने भरलेली जुनी दगडखाण आहे. तिथे आमची बिनमाणसाची छोटी बोट सोडलेली. वारा येवो, काही होवो, जागच्या जागी उभं राहून तोंड उत्तरेला ठेवायचं, एवढंच तिचं काम. माझी विद्यार्थिनी स्वरूपा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली, मी काठाकाठाने चालतोय, आणि सहज बघतो तर बोटीचं नाक माझ्याकडे. दहा पावलं पुढे गेलो... नाक माझ्याकडे. पाण्यावर तरंग नाही, आवाज नाही, म्हातारं माणूस मान वळवतं ना, तशी ती वळत होती.

"स्वरूपा, तोंड कुठे आहे तिचं?"

"उत्तरेला, सर."

"अगं, माझ्याकडे बघतेय ती."

"सर, लॅपटॉप उत्तर म्हणतोय, बोटीतल्या होकायंत्रावरून."

आणि तिने मान वर केली तेव्हा मी चालत चालत खाणीच्या उत्तर टोकालाच पोचलो होतो! आता माझ्याकडे काय नि उत्तरेला काय, एकच; काय सांगणार? परत चालून दाखवतो म्हटलं, तर बोटीची बॅटरी संपली. स्वरूपाने पाण्याची बाटली पुढे केली फक्त. त्या बाटलीचीच मला जास्त भीती वाटली.

मग आमचा टेम्पोवाला खंडू, त्याने बोट बाहेर ओढली, झाकण उघडलं, तर आत होकायंत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्याला घोड्याची नाल लोंबतेय.

"मीच बांधली, सर. ही खाण चांगली न्हाई. लोखंड असलं की जवळ येत न्हाई कुनी."

आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही, पण मी खंडूला मिठी मारली, राव. का? अहो, होकायंत्राजवळ लोखंड हलतंय, म्हणजे होकायंत्र चुकणार, म्हणजे लॅपटॉप खोटा, म्हणजे मी शहाणा! नाल घरी आणली, आम्रपालीपुढे ठेवली. ती म्हणाली, "बरं बाबा." लॅब वाचली. पुढे कित्येक वर्षं ती नाल माझ्या टेबलावर. चष्मा सापडला नाही, नाव आठवलं नाही, की तिच्यावर हात ठेवायचा. लॅपटॉप उत्तर म्हणे ना का, मी बघितलं ते खरं.

आणि गेल्या उन्हाळ्यात खंडू नातीचे पेढे घेऊन आला, नाल बघून हसला. "अजून जपलीय व्हय? मेव्हण्यानं आणली व्हती, पुण्याच्या रेसकोर्सवरनं."

रेसकोर्स. शर्यतीच्या घोड्यांच्या नाला हलक्या असतात असं कुठेतरी वाचलेलं... की मला तसं वाटलं? तो गेल्यावर फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, आम्रपालीने सांचीहून आणलेलं, स्तूपाचं चित्र असलेलं. नालेला लावलं. पडलं. नाल पुसून लावलं. पडलं. ॲल्युमिनियम, हो. म्हणजे होकायंत्र बरोबर, लॅपटॉप बरोबर, आणि मी...

चुंबकच गेलं असेल, म्हणून मी ते परत फ्रिजला लावून बघितलं. तिथे लगेच चिकटलं.