अक्काच्या ताटातलं बीट आणि कारलं

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न. आग्रह म्हणजे प्रेम का?

लगेच माना हलवू नका. आपल्याकडे पाहुणा नको म्हणाला की आपण वाढतो. त्यानं ताटावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून वाढतो. आणि वर म्हणतो, "लाजू नका." अहो, तो लाजत नाहीये, त्याचं पोट भरलंय! पण ऐकतो कोण?

तर फलटणला एक भागीरथीबाई. गावात सगळे अक्का म्हणायचे. आई गेली तेव्हा अक्का चौदा वर्षांची आणि धाकटा भाऊ यशवंत सहा वर्षांचा. त्याला तिनं भरवून वाढवलं. तो जेवला नाही की ही चुलीपाशी बसून रडायची. पोर शहाणं होतं. अक्का रडू नये म्हणून ते जेवायला लागलं. भूक असो, नसो.

पुढे दोघांची लग्नं झाली, नातवंडं झाली. पण भाऊबीजेला यशवंतराव फलटणला यायचे म्हणजे यायचेच. आणि अक्काची चकली! काटेरी, खुसखुशीत, लोण्याचं मोहन घातलेली. ओवाळून झालं की अक्का समोर बसून वाढायची आणि यशवंतराव खायचे.

एका वर्षी श्रावणात यशवंतरावांना हृदयविकाराचा झटका आला. वाचले. डॉक्टरांनी बजावलं, तळलेलं बंद. अक्काला ते कळलं, तेव्हा ती म्हणाली, "बाकीचं बंद. माझी चकली थोडीच तळलेल्यात येते?"

हसताय. तुमच्या घरी साजूक तुपाबद्दल हेच चालतं.

अक्काची सून सुकन्या. ती हळूच म्हणाली, "आई, यंदा भाज्यांचे चिप्स करून बघूया का? बीट, रताळं, कारलं. पातळ कापायचं, तेलाचं बोट लावायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं."

"दिवाळीत वाळक्या भाज्या? माझा भाऊ येतोय, बैल नाही."

सुकन्या पुढे बोलली नाही. सून शहाणी असली की गप्प बसते आणि बीट आणून ठेवते.

रात्रभर बीट ओट्यावर पडून राहिलं. सकाळी अक्कानं विळी काढली. कारण काय, तर म्हणे बीट वाया जाईल. पहिला घाणा जळाला. दुसरा इतका मऊ, की हातात धरला तर मान टाकायचा. मग अक्कानं कापं फडक्यावर पसरली, टिपून कोरडी केली, जिरेपूड आणि मीठ भुरभुरवलं आणि आच मंद ठेवली. तिसऱ्या घाण्याचं बीट कुरकुरलं. रताळंही जमलं. कारलं मात्र कारलंच राहिलं.

पण मंडळी, मन मोठं लबाड. दुपारी सुकन्या बाजारात गेल्यावर अक्कानं सोऱ्या काढला, चकल्या तळल्या आणि डबा फळीवर मागे लपवून ठेवला. म्हणाली, असू देत. तोंड हिरमुसलं त्याचं, तर?

भाऊबीज उजाडली. यशवंतराव आले. वाळले होते. शर्ट अंगावर लोंबत होता. अक्कानं ओवाळलं, ताट पुढे ठेवलं. लाल बीट, पिवळसर रताळं, हिरवं कारलं. यशवंतराव ताटाकडे बघत राहिले.

"अक्का, चकली केली नाहीस?"

अक्का तडक उठली, फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं आणि चकली ताटात ठेवायला वाकली.

यशवंतरावांनी तिचं मनगट धरलं. "नको."

साठ वर्षांत हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तिनं चकली परत डब्यात टाकली.

"मग विचारलंस कशाला?"

त्यांनी वरच्या खिशातून एक गोळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची आहे. घरून ठरवूनच निघालो होतो. तू वाढलंस तर खायचं, पुढचं पुढे. तुला नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही गं. आज ताटात चकली दिसली नाही आणि जीव हलका झाला. खरं वाटेना, म्हणून विचारलं."

अक्का खाली बसली. तळहातावरच्या गोळीकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपण वाढतो म्हणून हा जगतो. आणि हा जीव मुठीत धरून तिच्या ताटावर बसायला आला होता.

तिनं डबा बंद केला. गोळी त्यांच्या खिशात परत ठेवली. पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "बरं, हे कसं लागतंय ते तरी सांग."

त्यांनी बीट खाल्लं. "छान झालंय." रताळं खाल्लं. "हे त्याहून छान." कारलं खाल्लं. बराच वेळ चावत राहिले.

"आणि कारलं?"

"कारलं नको, अक्का."

अक्कानं त्यांच्या ताटातलं एकेक कारलं वेचून स्वतःच्या ताटात घेतलं. आग्रह केला नाही.

मंडळी, तुमच्यासमोर बसून जेवणारा माणूस भुकेनं जेवतो, की तुमच्या भीतीनं, हे कधी विचारलंय? विचारा. आजच घरी जाऊन विचारा. आणि 'भीतीनं' असं उत्तर आलं, तर वाढायला पुढे केलेला हात मागे घ्यायला शिका. देवसुद्धा नैवेद्य दाखवला की बघतो आणि राहू देतो. त्याला कुणी "अजून एक घास" म्हणत नाही, म्हणून तो टिकलाय.

आता प्रसाद वाटतील. ज्याला हवा त्यानं हात पुढे करावा. शेजारच्यानं केला नाही, तर त्याचा हात ओढू नये. बोला, विठ्ठल विठ्ठल.