वरचं फाटक

डोंगरातल्या छोट्या स्टेशनावर नेस्टा शेवटच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारी मेलेरी आणि तिचा नवरा इद्वल हे वयस्क जोडपं चिखलाने माखलेल्या सायकली टेकवून वाद घालत होतं.

"वरचं फाटक तू का लावलंस?"

"तू उघडं टाकून पुढे गेलीस म्हणून."

"अरे, मला ते उघडंच मिळालं! जसं असेल तसंच ठेवायचं असतं."

"मला वाटलं, विसरलीस. नेहमीसारखी."

"मेंढ्या वर होत्या ना?"

"हो. आणि कोकरं खाली, ओढ्यापाशी."

"म्हणजे आया एकीकडे, पिल्लं एकीकडे!"

"थांब. फाटकाला दगड टेकवलेला होता. तो कुणी ठेवला? तूच ना?"

"मी कशाला ठेवू? की ठेवला? इद्वल, माझं डोकं फिरवू नकोस."

"दुसरं कुणी बघेल की."

"त्या वाटेला मोटार जात नाही. आपल्याशिवाय कोण होतं तिथे?"

"परत सात मैल चढ आहे, मेलेरी. गाडी चुकेल."

"चुकू दे."

"आणि माझंच बरोबर असलं तर?"

"मेंढ्या ओरडत असतील, तर नसेल. चल, आता तू पुढे हो. मागून मी येते."

गाडीत नेस्टा एकटीच चढली.