तेवढे तीस फूट कापा

गुरुदास महादेव पेडणेकर, वय वर्षे एकाहत्तर पूर्ण, राहणार आचरे — लिहून घ्या म्हणतो, कारण उद्या तुम्ही विसराल आणि म्हणाल, कोणी एक म्हातारा भेटला होता. बसा. त्या खुर्चीचा डावा पाय अधू आहे, उजवीकडे कलून बसा. खळीची बादली बाहेरच राहू द्या. हे वाचनालय आहे आणि मी त्याचा अध्यक्ष आहे — निदान रामनवमीपर्यंत तरी आहे. तुमच्या तंबू टॉकीजची जाहिरात या दाराला चिकटवण्यास माझी हरकत नाही, पण एका अटीवर, आणि ती ऐकताना हसायचे नाही. रामनवमीच्या खेळाआधी या चित्रपटातून तीस फूट फीत कापायची. तीसच का, म्हणजे काय — वीस सेकंद, सेकंदाला दीड फूट, हे मी वाचलेले आहे. मालवणात तुमचे रीळ दोनदा तुटले, दोन्ही वेळा तुम्ही कापून सांधलेत, नायिका विहिरीवरून एकदम मोटारीत जाऊन बसली आणि एका मनुष्याने तक्रार केली नाही. मग माझ्या वीस सेकंदांवाचून कोणाचे अडणार आहे?

कापणे आणि चिकटवणे मला समजते. वेंगुर्ल्यास छापखान्यात एकतीस वर्षे मी पुस्तके बांधली. शाळा चौथीपर्यंत, पुढचे सारे शिक्षण पुस्तकांच्या पाठीला खळ लावता लावता झाले — इतिहास, ज्योतिष, होमिओपॅथी, जंगलाचे कायदे. काही ग्रंथांची मधलीच सोळा पाने माझ्या हाती आली, आरंभ आणि शेवट शेजारच्याकडे गेले, त्यामुळे काही लढाया कोणी जिंकल्या हे मला आजही ठाऊक नाही. हे बाहेर बोलू नका.

तर चित्रपट मी पाहिला. दोष काढण्याच्या हेतूने पाहिला. हेतू तासाभरात पुरा झाला. केस वाढलेली मुले मुंबईहून पळतात, नदीकाठी गाण्याच्या मेळ्याला जमतात, नायिकेचा मामा तिला शोधत येतो आणि शेवटी तोही गळ्यात माळ घालून नाचतो — अर्धे हसायचे, अर्धे रडायचे. असो. हिप्पी मोजून पाच, केस खोटे, गिटारला तारा चार. आणि त्यांच्यामागे दिसतात ती हजार माणसे — माडाच्या झापांच्या झोपड्या, तीन दगडांच्या चुली, माडाला बांधलेल्या गायी — ते हिप्पी नव्हेत हो. तो आमचा गाव आहे. तुम्ही घाटावरचे, तुम्हांला कसे कळावे? आमच्याकडे तीनचार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव, गुरेढोरे, कुत्री, कोंबड्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. हिंदू, किरिस्ताव, सगळे. गावात दिवा नाही, चूल नाही. गावपळण म्हणतात. भुतांना तीन दिवस गाव मोकळा करून द्यायचा, असे भाविक म्हणतात. हवा शुद्ध होते, असे भाविकांचे शिकलेले मुलगे म्हणतात. सदुसष्टच्या मार्गशीर्षात गावपळण झाली, तेव्हा ही चित्रपटवाली मंडळी गोव्याकडे चालली होती. आयता मेळा दिसला, उतरवला कॅमेरा. आमचे लोक समजले, सरकारी बातमीपट. सर्वांनी धुतलेले कपडे चढवले, रांगेत उभे राहून कॅमेऱ्याला हात जोडले — चित्रपटात तो गांजा ओढलेल्यांचा नमस्कार झाला आहे.

आता माझी अडचण. त्या गावपळणीत मी गाव सोडला नव्हता. म्हणजे — सोडणार नाही, असे जाहीर केले होते. एक वाचलेला मनुष्य तीन अहोरात्र निर्मनुष्य गावात राहील, निरीक्षणे नोंदवील आणि भूत नाही हे सिद्ध करील. पुढे याच खोलीत मी व्याख्यान दिले, दीड तास: ‘निर्मनुष्य गावातील तीन अहोरात्र’. देवळाच्या कळसावर बसलेले घुबड, तिसऱ्या रात्रीची ती शांतता — दोन बायका डोळे पुसत होत्या. मालवणहून एक हेडमास्तर आले होते, त्यांनी शाल घातली. कुडाळला व्याख्यान झाले, कणकवलीला झाले, हे अध्यक्षपद आले. आणि तुमच्या पडद्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, मी खांद्यावर गोधडी घेऊन झांज वाजवतो आहे. उड्या मारतो आहे. मामा माझ्याकडे बोट करून म्हणतो, हा यांचा गुरू. ज्याने जन्मात गुरू केला नाही त्याला तुम्ही पाच टोपवाल्या पोरांचा गुरू केलेत, आणि मालवणात माझ्या शेजारचा गृहस्थ मलाच कोपर मारून म्हणाला, “तो म्हातारो बघलास? पुरो बिघाडलो.”

भूत? छे, भूत कसले. भुताला मी भ्यालो नाही. पहिली रात्र मी ओसरीवर बसून काढली, पूर्ण शुद्धीवर. सकाळी चहा करावा म्हटले. आता हे पाहा — एकाहत्तर वर्षांच्या — त्या वेळी एकोणसत्तर — वाचलेल्या मनुष्याने आयुष्यात कधी चूल पेटवलेली नसते, यात त्याचा दोष काय? लाकडे ओली होती. काडेपेटी संपली. शेवटी जंगलाच्या कायद्याची आठ पाने जाळली, त्याने धूर झाला, चहा झाला नाही. अकरा वाजता मी खाडीपलीकडे गेलो. निरीक्षण म्हणूनच गेलो. आमची बायको नर्मदा हिने आपली झोपडी लिनो फर्नांडिसच्या कुटुंबाशेजारी घातली होती, बाकी वाडीपासून लांब, म्हणून मला कोणी पाहिले नाही. ती घावणे घालीत होती. वर न बघता म्हणाली, “चूल पेटूक नाय मां? बसा.” एवढेच. सात घावणे खाल्ले. मग लिनोने व्हायोलिन काढले, त्याच्याच घरच्या कोणी तरी मृदंग धरला, आणि लिनो म्हणाला, “काका, रिकाम्या हातान बसू नकात,” आणि झांज माझ्या हातात — पुढचे तुमच्या फितीवर आहे. ते नाचणे नव्हते. ताल धरणे होते. बरे, नाचणे होते.

व्याख्यानाला लिनो पहिल्या रांगेत होता. घुबडाला सर्वांत मोठ्या टाळ्या त्याच्या. आजवर त्याच्या तोंडून अक्षर फुटलेले नाही. मित्र असावा तर असा, नाही तर नसावा. नर्मदाही होती. शेवटपर्यंत ताठ बसली, घरी येऊन जेवायला वाढले. मग मी वर्तमानपत्र उघडले — तिला अक्षरओळख नव्हती, रोज संध्याकाळी मी वाचायचे आणि तिने तांदूळ निवडीत ऐकायचे, चाळीस वर्षांचा शिरस्ता — लढाई, स्वातंत्र्य, कोयनेचा भूकंप, सगळे तिने माझ्या तोंडून ऐकलेले. रशियाने आकाशात कुत्री सोडली, हे तिने माझ्या शब्दावर मानले होते. मी पहिली ओळ वाचली तशी म्हणाली, “ऱ्हवांदे.” मी विचारले, का? म्हणाली, “चाळीस वर्सां वाचून दाखयलास. त्यात घुबडां किती?” सूप बाजूला ठेवून म्हणाली, “ती कुत्री तरी खरी मां?”

खरीच होती हो. खरीच होती, पण ते सांगायला तोंड कोणते वापरू?

काय म्हणालात — कापता येईल? उद्याच? एवढे सोपे आहे? ... आणि ती? ती त्याच वीस सेकंदांत आहे, डावीकडे, हातात उलथने, पोट धरून हसते आहे. काल मी तिला हे कापण्याचे बोललो, तर म्हणते, “तुमका काय तां कापा, माका ठेवा.” रामनवमीला ती पुढे बसणार आहे, लिनोच्या बायकोसोबत. नायिका विहिरीवरून मोटारीत गेलेली कोणाला कळत नाही, कबूल. हिला कळेल. दुसऱ्यांदा कळेल.

नका कापू. लिहिले असेल तर खोडा, नाव-वय सगळे. अध्यक्ष दुसरा मिळेल. दत्ताराम केव्हाचा टपून बसला आहे, त्याने चार पुस्तके वाचली आहेत, पण चारही पूर्ण. उठा आता, तुमची खळ वाळते आहे. जाहिरात चिकटवा, सरळ चिकटवा, आणि पुढच्या गावाला जा.

बदलले म्हणाल तर त्या व्याख्यानानंतर एवढेच बदलले. लिनोची मुलगी लिंडा शाळेत मास्तरीण आहे, तिच्याकडे दुपारी बसून नर्मदा वाचायला शिकली. वर्तमानपत्र आता आधी ती वाचते. मला वाचून दाखवीत नाही.