बुटावर स्वस्तिक

…आणि वर मलाच म्हणतात, ‘दिदी, तुझं तोंड फाटकं, म्हणून तू पडलीस!’ माझं तोंड? अहो, तोंडाला कोण मत देतं, मतं पडतात चित्राला, आणि मला चित्र काय मिळालं, तर बूट! टोपलालच्या पक्षाला कलश, आणि माझ्यासारख्या अपक्ष बाईला सगळ्यांनी वेचून उरलेला बूट... बरं, घेतला. म्हटलं, बूट तर बूट, टोपलालच्या डोक्यात घालायला बरा!

तुम्हाला सांगते, मला काही वॉर्डाची अध्यक्ष होऊन माळा घालून मिरवायचं नव्हतं. मला हवं होतं एक पत्र. माझ्या पोरीला, बिपनाला, नर्सिंगच्या परीक्षेला बसायचंय, त्याला नागरिकतेचा दाखला लागतो, आणि दाखल्याला अध्यक्षाचं शिफारसपत्र. गेली पाच वर्षं अध्यक्ष हाच टोपलाल. तीनदा गेले, तीनदा खुर्चीत रेलून तेच, ‘दिदी, बाप आण.’ बाप आण! अरे, तो मलेशियाला गेला त्याला अकरा वर्षं झाली, फोन नाही, चिठ्ठी नाही, मी काय त्याला डालग्याखाली झाकून ठेवलाय? म्हटलं, ‘आई समोर उभी आहे ना? नऊ महिने पोटात मी वागवलीय!’ तर म्हणतो, ‘आई दिसतेय गं, पण कागदाला बाप लागतो.’ त्याच दिवशी ठरवलं. पत्र देत नाहीस? मग खुर्चीच घेते, आणि माझ्या पोरीचं पत्र मीच लिहिते!

दारोदार हिंडले. आमच्या सिरुबोटच्या चढावर गुडघ्यांचा भुगा झाला. टोपलाल घरोघर बोकडाचं मटण वाटतोय, आणि मी काय वाटतेय? अक्कल! अंगणाअंगणात नमुन्याची मतपत्रिका पसरून शिकवलं, ‘हा स्वस्तिकाचा शिक्का, हा माझा बूट, ही बुटाभोवतीची चौकट. शिक्का चौकटीत मारायचा, बायांनो, चौकटीत! बाहेर गेला की मत बाद!’ सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, नंदीबैलसुद्धा इतकी डोलवत नाही!

मोजणी झाली. साहेब भोंग्यावर ओरडतोय, ‘कलश, दोनशे चौदा! बूट, दोनशे नऊ! बाद, अडतीस!’ अडतीस? घुसले आत. ‘दाखवा बाद पत्रिका!’ माझा अवतार बघून बिचाऱ्यानं दाखवल्या. आणि बघते तर काय... अडतीसच्या अडतीस माझ्याच! शिक्का बुटाच्या वर, बुटाच्या बाजूला, एकीनं तर पार वरच्या कोऱ्या जागेत, देव्हाऱ्यात मारावा तसा मधोमध... पण बुटाला कुणी शिवेल तर शपथ! तिथेच कपाळावर हात मारून ओरडले, ‘चौकटीत, बायांनो, चौकटीत!’ ऐकायला होतं कोण? बाहेर टोपलाल अबीर फासून, झेंडूच्या माळांत नाकापर्यंत बुडून मादळ-ढोलाच्या तालावर नाचत होता.

घरी आले. सासू चुलीशी पिठाचा ढिंडो घोटत बसलेली. ‘आमा, खरं सांगा, तुम्ही शिक्का कुठे मारलात?’ तर म्हणते, ‘अगं, स्वस्तिक ना ते? गणपतीची खूण पायताणावर उमटवू? पाप लागेल! मी आपला वरच्या अंगाला मारला, आशीर्वाद देतात तसा. मत तुलाच आहे हो, देवाला कळतं.’ देवाला कळतं! पण मोजायला देव बसला होता का? तेवढ्यात दारातून शेजारीण, ‘मीसुद्धा चार बोटं लांब मारला गं, पण तोंड तुझ्या बुटाकडेच ठेवलं होतं!’ आता हिला मारू की मिठी मारू?

काय करणार... आठवड्यानं गेले पुन्हा टोपलालकडे. कानात अजून अबीर. म्हटलं, आता म्हणणार बाप आण! तर, ‘बस दिदी, चहा घे.’ चहा! अहो, पाच मतांनी वाचला होता, त्या अडतीस पत्रिकांनी त्याची झोप उडवली होती. म्हणाला, ‘पत्र देतो, पण पुढच्या खेपेला उभी राहू नकोस. कुणी सांगावं, तुला शंखासारखं देवाचं चित्र मिळालं तर?’ समोर पत्र लिहिलं, बिपनाचा फोटो चिकटवला, शिक्क्यावर फुंकर मारली, आणि हाणला... धप्प! मी पत्र उराशी धरून उड्या मारत घरी.

दुसऱ्या दिवशी पोर तीन तास बसचे धक्के खात जिल्ह्याला गेली आणि संध्याकाळी तसंच पत्र घेऊन परत आली. का? तर शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा. या शहाण्यानं अख्खा हाणला पोरीच्या तोंडावर! ना नाक दिसतंय, ना डोळे. साहेबानं लाल शाईनं लिहून दिलंय, ‘बाद.’

आता उद्या जाते टोपलालच्या अंगणात नमुन्याचा कागद घेऊन. दुसरं काय? निवडून लोक देणार त्याला, आणि शिकवणी घ्यायची पडलेल्या बाईनं!