बारशाआधी फुटलेलं नाव

मंडळी, ऐका! आख्यानाला लागण्याआधी एक प्रश्न. उत्तर मनातच ठेवा, शेजारणीला सांगू नका! विश्वासानं एकाच्या कानात सांगितलेली गोष्ट त्यानं बाजारात विकली — तर दोष कुणाचा? सांगणाऱ्याचा, की विकणाऱ्याचा?

काय म्हणता काका? "सांगितलंच कशाला?" — वा! विकणाऱ्याचा वकील पहिल्याच रांगेत बसलाय! ऐका तर मग.

देवरुखची हर्षाली शिगवण. पहिलटकरीण. बारा दिवसांची लेक मांडीवर — मूठ एवढीशी, पण आईचं बोट धरलं की सोडत नाही! लेकीचं नाव ठरलेलं — ओवी. पण उच्चारायचं नाही हं! बारशाला आत्या आधी बाळाच्या कानात सांगणार, मगच जगाला कळणार. तोवर नवऱ्याला ठाऊक, हिला ठाऊक... आणि एका यंत्राला ठाऊक!

ते कसं? दवाखान्यातून घरी सोडताना काउंटरवरच्या मुलीनं टॅब पुढं केला होता. "ताई, लसीची आठवण येईल. बाळाचं नाव टाका, घरातला आणखी एक नंबर टाका, इथं टिक करा." टाके दुखतायत, लेक रडतेय, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. हर्षालीनं नाव टाकलं, नणंदेचा नंबर टाकला, टिक केली. तुम्ही काय केलं असतं? उभ्या उभ्या चाळीस पानं वाचली असती?

बारशाचा दिवस उजाडला. पाळण्याला झेंडूच्या माळा, चुलीवर घुगऱ्या. नणंद शालन चिपळूणहून आली, आणि दारातच तिचा फोन वाजला. तिनं मोठ्यानं वाचलं — "ओवी बाळाला बारशाच्या शुभेच्छा! दुधाच्या पावडरीवर वीस टक्के सूट!"

झालं! शालनचा पारा चढला. "काय गो, नाव ठेवून मोकळे झालात? मग मला कशाला बोलावलंत — झोके द्यायला?"

 हर्षालीनं लेकीच्या टाळूवर हात ठेवला. जिच्या कानात अजून कुणी हाक घातली नाही, तिला आधी गिऱ्हाईक केलं? डोळे पुसले, लेकीला दुपट्यात गुंडाळलं, उठली.

"वन्सं, बारसं थांबवा. मी नाव परत आणते."

सासूबाई ओरडल्या, "अगं, सव्वा महिना झाला नाही! उंबरा ओलांडतेस?"

"त्यांनी बारा दिवसांतच ओलांडला, आई!"

 शालन चपला शोधायला लागली. "थांब, मी पण येते. भांडायला आत्या लागते!"

दवाखान्याचा मॅनेजर खुर्चीतून हललासुद्धा नाही. "मॅडम, टिक तुमचीच आहे."

"लसीसाठी केली होती. पावडर विकायला नाही."

"अहो, हे ॲप नवीन. कायद्यात त्याचं नावसुद्धा नाही."

"ॲपचं नसेल. पण लहान मुलाची माहिती घ्यायला आईबापाची संमती लागते, हे आहे. दिलेली संमती परत घेता येते, हेही आहे. मी परत घेते. आत्ता. पुसा!"

हिनं हे वाचलं कधी? आत्ता येताना, रिक्षात! एका हातानं लेकीला पाजत, दुसऱ्या हातानं फोनवर कायदा वाचत! आया काय काय करतात एका हातानं — विचारा घरी.

मॅनेजर हसला. "ताई, यंत्रं धावतायत, आणि तुमचा कायदा अजून रांगतोय."

"रांगू दे की! माझी लेकही उद्या रांगेल. रांगणाऱ्याला मोठी माणसं धरून उभं करतात — तुडवून जात नाहीत!"

बाहेर बाकावर तपासणीला आलेल्या बाया बसल्या होत्या. एक उठली, दुसरी उठली, दारात गर्दी! "आमचंही पुसा!"  मॅनेजरनं पुसलं. "पण बाहेर गेलंय, ते मी कसं आणू?"

"कुणाकुणाला दिलंत, ते लिहून द्या. सहीशिक्क्यासकट."

तीन कंपन्यांची नावं लिहून मिळाली. शालननं कागद पर्समध्ये कोंबला. "आता या तिघांना मी बघते!"

संध्याकाळी पाळण्याभोवती बायका कुजबुजल्या, "नाव फुटलं गो... दुसरंच ठेवा." हर्षालीनं शालनकडं पाहिलं.

"का म्हणून?" शालन कडाडली. "चोरानं दागिना पाहिला म्हणून दागिना त्याचा झाला?" ती वाकली, बाळाच्या कानाशी ओठ नेले — कुर्रर्र! आणि तेच नाव सांगितलं. तेच! ओवी!

आता सांगा काका, दोष कुणाचा? ...काय म्हणता? "विकणाऱ्याचा!" बरं वाटलं.

मंडळी, यंत्र पुढं, कायदा मागं — हे असंच चालायचं. पण कायदा पाऊल टाकतो कधी? कुणीतरी लेकरू काखेत घेऊन दारात उभं राहतं, तेव्हा! "सगळेच माहिती देतात" म्हणून मान डोलावणाऱ्यांसाठी तो कशाला उठेल?

आणि हसू नका! मंडपाच्या दाराशी मिक्सरच्या लकी ड्रॉचं टेबल आहे. नाव, नंबर, मुलांची नावं, वयं — किती जणांनी फॉर्म भरला? हात वर! ...अगं बाई, निम्मा मंडप! आणि हा माझाही हात बघा — वर!

चला, उठा सगळे. कागद परत मागू. देव थांबेल आरतीला, तो टेबलवाला थांबायचा नाही!