ठिबकच्या नळीचा तुकडा

— नाही भाऊ, चालू राहू द्या, तापू द्या चांगली. थंड गाडी काही सांगत नाही. सकाळी आणली असती ना, तर एक चक्कर मारून मीच म्हटलं असतं, काही नही शे, घेऊन जा. तुम्ही काय म्हणालात — तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलेटर दाबला की पाय जातो खाली, पण गाडी उचलत नाही, क्षणभर दम कोंडल्यासारखी, आणि मग झटका देऊन सुटते? तेच तर. प्लग नवे आहेत, फिल्टर साफ आहे, पंपही ठीक. म्हणजे राहिलं काय — अहो, हात नका घालू तिथं, भाजेल! मी बघतो ना. वीस वर्षं शिरपुरात काय केळी विकली का मी?

ही? ही साधी नळी आहे. इंजिन किती हवा ओढतंय ते वरच्या सेन्सरला हिच्यातून कळतं, तेवढं पेट्रोल सुटतं. नळी आतून चिकटली की खबर उशिरा जाते — तुम्ही दाबता आता, पेट्रोल येतं मागून. बघा, मी चिमटीत धरतो आणि इथून अ‍ॅक्सिलेटरची केबल ओढतो — ऐकलंत? बसली ना गाडी खाली? झालं, सापडलं. दहा मिनिटांत बदलतो. पैसे-बिसे काही नको, जा तुम्ही आपले निवांत.

जुनी? जुनी कशाला हवी तुम्हाला? — हो, माहीत आहे, जुना पार्ट हातात दिल्याशिवाय आपल्याकडं कुणाचा मिस्त्रीवर विश्वास बसत नाही. पण हिचं काय करणार? रबराची नाहीच ती. ठिबकची आहे, शेतातली, केळीच्या बुडाशी पाणी सोडतात ना, ती बारकी. कुणी टाकली म्हणजे? असेल कुणी अडाणी. — तिच्यावर आवळलेल्या तारेचा पीळ? कुठं? … हां. उलटा पीळ आहे. मी डावरा आहे, माझा उलटाच बसतो.

बरं, मीच टाकली. मग? गाडी तेव्हा पांढरी होती, तुम्ही हा करडा रंग मारलात म्हणून — बॉनेट उघडल्यावर ओळखली मी. प्रेमराज सरांची. गणित शिकवायचे, भला माणूस. गेल्या मे महिन्यात आले, नळीला चीर गेलेली. रबरी नळी धुळ्याहून मागवायची म्हणजे दोन दिवस, आणि सरांना दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं. शेतातला तुकडा पडलेला होता, बसला बरोबर. आमच्यात सगळेच करतात असं — ठिबकचा तुकडा कुठं लावत नाहीत लोक? पण पंचेचाळीसचं ऊन, त्यात इंजिनाचा ताप, ते प्लास्टिक मऊ पडतं आणि इंजिनानं ओढलं की चपटं होतं. आठ दिवसांनी सर परत आले. सकाळचे आले, गाडी थंड. मी म्हटलं पेट्रोल खराब आहे सर. पुन्हा आले, भर दुपारी. तेव्हा — खोटं कशाला बोलू — तेव्हा मला कळलं होतं. पण चार गाड्या उभ्या होत्या दारात, लोक डोक्यावर बसलेले. मी म्हटलं, सर, ओव्हरटेक करताना जरा आधीच दाबा, मनात एक आकडा मोजा आणि मग घ्या बाहेर. हसले. म्हणाले, आकडे मोजण्याचाच तर पगार घेतो मिस्त्री.

चोपड्याच्या रस्त्याला, केळीच्या ट्रकमागं. समोरून ट्रॅक्टर येत होता, पण लांब होता हो, बराच लांब. मोजलं असणार सरांनी. मी सांगितलं तेवढंच मोजलं असणार.

महिनाभर गाडी ठाण्यासमोर उभी होती. दोनदा गेलो मी, नळी तेवढी काढून घ्यावी म्हणून. दोन्ही वेळी हवालदार समोरच चहा पीत बसलेला. आणि बठ्ठं गाव म्हणत होतं, मास्तरांनी घाई केली. सर गेले तेव्हा दारावर भेटायला मीही गेलो, सरांच्या बायकोसमोर, सुलक्षणावहिनींसमोर बसलो, आणि मीही तेच म्हटलं. त्या बिचाऱ्या शेजारच्या सीटवर होत्या तेव्हा, वाचल्या. सारख्या सांगत होत्या, यांनी कधी घाई केली नाही, गाडीच अडली. कुणी ऐकेना. मीच समजावलं त्यांना, की वहिनी, धक्का बसला की माणसाला असं वाटतं. गाडीत काही दोष नव्हता, मी स्वतः बघितली होती. माझ्या शब्दावर गप्प बसल्या त्या.

तर द्या ती इकडं भाऊ. मुठीत काय धरून ठेवलीत, द्या. नवी बसवतो, गाडी पळेल तुमची, कुणाला काही बोलायची — काय? मागं वळू? कशाला वळू?

वहिनी.

तुम्ही गाडीतच होतात? कधी उतरलात? … मला वाटलं भाऊंनी विकत घेतली गाडी, मला काय ठाऊक हे तुमच्याकडून आलेत — बसा, खुर्ची देतो, ऊन लागेल. … पुन्हा? पुन्हा काय सांगू वहिनी, ऐकलंत ना बठ्ठं. तेवढंच? तेवढंच सांगू?

… नाही वहिनी. घाई नव्हती केली सरांनी.