गुरुवारी कुठली वाईन?

...आणि वर मलाच विचारतो, 'अंकल, साथ में खाने को क्या है?' आता मला सांगा, दुकानाच्या पाटीवर हे मोठ्ठं 'वाईन शॉप' लिहिलंय ना? मग मी वाईनच मागितली ना? तर तो काउंटरवरचा माणूस असा दचकला, जसं काही मी त्याच्याकडे रॉकेल मागितलं! 'वाईन?' म्हणाला, शिडी लावून वर चढला, अगदी वरच्या फळीवरच्या दोन बाटल्या काढल्या, फुंकर मारली, धूळ सगळी माझ्या तोंडावर, आणि शिडीवरूनच ओरडतो, 'किसके लिए चाहिए?' मी आपला सरळ माणूस, म्हटलं, 'बहू के लिए.' झालं! मागची अख्खी लाईन माना उंचावून माझ्याकडे बघायला लागली. एक गुजराती गृहस्थ तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'काका, तमे तो नसीबवाळा!'

नशीबवाला! मी! तुम्हाला सांगतो, मीरा रोडला वन रूम किचनमध्ये एकटा राहतो मी. पंढरीनाथ नागवेकर. हाटकेशला स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात उभी हयात गेली, आता रिटायर. मुलगा निकेत पुण्याला, सून दिव्या पुण्याचीच. आणि आमची सुगंधा गेली गेल्या वर्षी. तिच्या तेराव्यानंतर मुलगा आमच्याकडे एक रात्र राहिलेला नाही. येतो, नाही म्हणत नाही, पण गाडी खाली चालूच असल्यासारखा येतो. चहा घेतो, 'बाबा, शुगर चेक केलीत का' विचारतो, आणि 'ट्रॅफिक लागेल' म्हणून निघतो.

तर या दिवाळीत दिव्या फोनवर म्हणाली, 'बाबा, थर्टीफर्स्टला आम्ही तुमच्याकडे येतो राहायला, आपण मस्त जेवणाबरोबर वाईन घेऊ.' राहायला! अहो, वाईन काय घेऊन बसलात, ती म्हणाली असती ना, की बाबा, आपण थर्टीफर्स्टला एरंडेल घेऊ, तरी मी आणून ठेवलं असतं! त्याच दिवशी कॅलेंडरचं डिसेंबरचं पान काढलं, आणि एकतीस तारखेच्या चौकोनात लाल स्केचपेनने गरागरा गोल मारला. एक नाही, चांगले सात-आठ. वर मध्ये लिहिलं, 'मुलं येणार'. आता वाईनमधलं मला कळतं काय? ऑगस्टीनला फोन लावला. ऑगस्टीन म्हणजे उत्तनचा, कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर वीस वर्षं. त्याच्या घरी नाताळाला जुडिथवहिनी बरणीत स्वतः वाईन घालतात, म्हणजे माणूस जाणकार. तो म्हणाला, 'टेन्शन कशाला घेतं तू? माशाबरोबर पांढरी, मटनाबरोबर लाल. बस.'

माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल. सोपं आहे हो! पण एकतीस तारखेला वार कुठला? गुरुवार! म्हटलं, 'ऑगस्टीन, आणि गुरुवारी?' तर म्हणतो, 'गुरुवारी काय होतं?' आता काय सांगू त्याला! गुरुवार सुगंधाचे. तीस वर्षं धरले तिने. ती गेली आणि तिचे गुरुवार माझ्याकडे ठेवून गेली. ती असताना मी बाहेर जाऊन लपूनछपून ऑम्लेट खायचो, आता बघायला कोणी नाही तर अंड्याच्या वाटेला जात नाही. म्हणजे मासे नाहीत, मटण नाही. तुम्ही म्हणाल, मग वाईन कशी चालते? अहो, द्राक्षं आहेत ती! द्राक्षं काय पाण्यात पोहतात? की कोंबडीसारखी ओरडतात?

तर बेत ठरवला काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या. निकेतला लहानपणापासून जीव की प्राण. आणि हेच मी त्या वाईनवाल्याला सांगितलं, 'काला वटाना का आमटी, नारळ डालके.' तो शिडीवर विचारात पडला. लाईनीतले सगळे विचारात पडले. एक म्हणाला लाल, एक म्हणाला पोर्ट लो अंकल, मीठी आती है, एक म्हणाला पांढरी, कारण नारळ पांढरा! आणि शेवटी तो शिडीवरचा काय म्हणतो? 'अंकल, उसके साथ तो सोलकढीच जाती है.' अहो, ते मला माहीत नाही? मी रत्नागिरीचा! माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल, आणि गुरुवारी काय, हे जगात कोणी सांगेल का मला? शेवटी घेतल्या दोन्ही. एक लाल, एक पांढरी.

आता बाटल्या आल्या, तर ग्लास नाहीत! म्हणजे ग्लास आहेत, छत्तीस आहेत, पण स्टीलचे. कारखान्याने दर दिवाळीला दिलेले. सून काय म्हणेल, सासऱ्याने वाईन ताकासारखी दिली? गेलो नया नगरला, लांब दांड्याचे तीन काचेचे ग्लास आणले. मग बूच काढायचा स्क्रू. मग चादरी धुतल्या. मग गादी गच्चीत उन्हात टाकली. पांढरी बाटली थंड करतात म्हणे, ती फ्रिजमध्ये दह्याशेजारी आडवी. लाल बाहेर ठेवतात म्हणे, ती देव्हाऱ्यासमोर नको म्हणून टीव्हीमागे. आणि रोज सकाळी उठून त्या कॅलेंडरवरच्या लाल गोलाकडे बघायचो. महिनाभर बघितलं हो मी ते पान!

एकतीस उजाडली. पहाटे उठून वाटण केलं. सुगंधा पाटा वापरायची, मी मिक्सर, पण वास तोच आला. खोटं कशाला सांगू, तो वास आल्यावर मी गॅसपाशी उभा राहून थोडा रडलो. दुपारी तीनपर्यंत आमटी तयार, आंबोळ्यांचं पीठ तयार, ग्लास पुसून तयार. चार वाजता फोन. निकेत.

'बाबा, एक गुड न्यूज आहे आणि एक प्रॉब्लेम आहे.'

म्हटलं, आधी प्रॉब्लेम सांग. तर म्हणाला, 'आज ग्रहण आहे ना.'

मी म्हटलं, कसलं ग्रहण? मी कॅलेंडर रोज बघतो! 'बाबा, चंद्रग्रहण. रात्री. पौर्णिमा आहे आज.' फोन कानाला लावून भिंतीपाशी गेलो. चष्मा लावला. त्या माझ्या लाल गोलांच्या खाली, अगदी 'मुलं येणार'च्या खाली, बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं खरं. नखाने खरवडलं. पहिलं अक्षर दिसलं, 'चं'. मीच स्वतः, आठ वेळा गोल मारून, ग्रहण गिरगटून टाकलेलं!

म्हटलं, 'अरे, पण असू दे ना ग्रहण! आपण काय चंद्रावर जेवणार आहोत?' तर तो हळूच म्हणाला, 'तीच गुड न्यूज आहे, बाबा. दिव्याला तिसरा महिना आहे. तिची आई म्हणते, ग्रहणात तिने घराबाहेर पडायचं नाही.'

आजोबा झालो मी! कसं कळलं? बेत रद्द करण्याचं कारण म्हणून! मी 'अरे वा, अरे वा' असं चार-पाच वेळा म्हटलं, आणि मग विचारलं, 'कधी कळलं रे तुम्हाला?' म्हणाला, 'झाला दीड महिना. पण तीन महिने व्हायच्या आत बाहेर सांगायचं नसतं ना.' बाहेर! तिच्या आईला माहीत, वडिलांना माहीत, मावशीला माहीत. मी बाहेरचा! आणि दीड महिना मी ज्या वाईनसाठी शिड्या चढवतोय लोकांना, त्यातला एक थेंब ती पोर पिणार नव्हती!

तेवढ्यात मागून दिव्याच्या आईंचा आवाज आला. 'त्यांनाही सांगा हो, वेध लागलेत. ग्रहण सुटेपर्यंत खायचं-प्यायचं नाही. बाळासाठी घरातल्या सगळ्यांनी पाळायचं.' निकेत म्हणाला, 'बाबा, तुम्ही ते मनावर घेऊ नका, तुमची शुगर आहे, जेवून घ्या.' आणि फोन ठेवला.

बसलो खुर्चीत. समोर आमटी. लाल बाहेर, पांढरी फ्रिजमध्ये. माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल, गुरुवारचं कोणी सांगितलं नव्हतं, आणि गुरुवारी ग्रहण आलं तर काय, हे तर मी विचारलंही नव्हतं!

सहाच्या सुमारास बेल वाजली. धावत गेलो. ऑगस्टीन! हातात केक, घरच्या वाईनची बाटली, खाली स्कूटर. पोरांना भेटायला आला होता. घरात नजर टाकली, तीन ग्लास बघितले, आणि समजला. नुसतं म्हणाला, 'चल. घाल चप्पल. जुडिथ वाट बघते, अख्खी आळी अंगणात जेवायला हाय.' आणि खरं सांगतो, जावंसं वाटलं हो. पोटात कावळे ओरडत होते. अंगणात माणसं असणार, पोरंटोरं असणार, कोणीतरी ताट वाढून 'अजून घ्या' म्हणणार.

मी आमटीचा डबा भरला, दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या, आणि पिशवी त्याच्याच हातात दिली. म्हटलं, 'मी नाही येत. ग्रहण पाळतोय.'

'तू? कवापासून?'

'आज चार वाजल्यापासून.'

'अरं, पन कोनासाठी? घरात दुसरं कोन हाय तुझ्या?'

आता याला काय सांगायचं! बाई फोनमागून काय म्हणाल्या होत्या? घरातल्या सगळ्यांनी! सगळ्यांनी म्हणजे त्यात मी आलो की नाही? वर्षभरात मला कोणी कशात धरलं नव्हतं हो, उपासात तर उपासात. मी दार अर्धं लोटलं आणि म्हटलं, 'ऑगस्टीन, तू जा बाबा. आज आम्ही सगळे उपाशी आहोत.'